नमुना देण्याआधीचे दिवस

मला एका जागी बसवत नाही. दवाखान्यातल्या बाकावर तर नाहीच नाही. नंबर लागेपर्यंत मी काउंटरवर जाऊन विचारते, परत येते, भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र वाचते, तहान नसताना पाणी पिते आणि पुन्हा काउंटरवर जाते. माझा नवरा म्हणतो, तुझ्याकडे बघून डॉक्टरांना पेशंट कोण तेच कळत नसेल. वडील मात्र टोपी मांडीवर ठेवून निवांत बसलेले असतात. त्यांना कुठेही बसवा, स्वतःच्या बांधावर बसल्यासारखे बसतात.

वर्ष-दीड वर्ष आमचं हेच चाललं होतं. कारण एकच होतं. वडिलांना अधूनमधून काहीतरी व्हायचं आणि ते काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

वडिलांना आम्ही घरात नाना म्हणतो. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक. निफाडच्या पलीकडे आमचं गाव, तिथं द्राक्षाची बाग. बागेतच घर, घरात ते आणि आई, आणि बागेच्या कडेला कामाला असलेलं एक जोडपं. मी एकुलती एक. नाशिकमध्ये सातपूरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. माझ्या कामात वस्तू शिल्लक असते किंवा नसते. विचारलं की लगेच सांगता आलं पाहिजे. त्यामुळे 'बघू', 'असेल कदाचित', 'वयानुसार होतं' असली उत्तरं ऐकली की माझं डोकं फिरतं, आणि दवाखान्यात तर नेमकी हीच उत्तरं मिळतात.

पहिल्यांदा झालं तेव्हा बागेत विरळणी चालू होती. घडांतले दाटीचे मणी कात्रीनं काढायचं काम. नाना सकाळी काही न खाता बागेत शिरले आणि उन्हं वर आल्यावर कामवाल्या बाईचा मला फोन आला.

"ताई, नानांना काय तरी व्हतंय. घामानं निथळून गेलेत आन् मला वळखीना. पाणी दिलं तर हात झटकला. मारायलाच उठले."

आमचे नाना कुणावर हात उगारणारे नव्हेत. मी कारखान्यातून तशीच निघाले. वाटेत आईला फोनवर फोन करत होते. ती काही उचलत नव्हती. मी पोहोचले तेव्हा नाना ओट्यावर बसून चहा पीत होते. आईनं गूळ घालून घट्ट चहा पाजला होता.

"काय झालं नाय मला," ते म्हणाले. "ऊन लागलं जरासं. तू कशाला आली पळत?"

डिसेंबर महिना होता. निफाडचा डिसेंबर. सकाळी पाण्यात हात घालवत नाही अशी थंडी. त्यात यांना ऊन लागलं होतं.

तिथून माझी धावपळ सुरू झाली. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, नॉर्मल. हृदयाची सोनोग्राफी केली, वयाच्या मानानं उत्तम. पट्ट्यावर चालवून बघायची तपासणी केली. त्यात नाना इतके झपाझप चालले की तिथली मुलगी म्हणाली, आजोबा, पट्टा तुमच्या मागं पडतोय. मग छातीला वायरी चिकटवून दिवसभर ठेवायचं एक यंत्र असतं, ठोके कधी चुकतात का ते टिपणारं. ते लावून नाना गावी गेले आणि बागेत फवारणीच्या ब्लोअरमागं फिरून आले. त्यातही काही नाही. मग डोकं. एमआरआयच्या नळकांड्यातून बाहेर आल्यावर मी विचारलं, भीती वाटली का. म्हणाले, "बोरवेलचं मशीन चालू असल्यासारखं वाटलं. झोप लागली मला." त्या रिपोर्टात लिहिलं होतं, वयानुसार बदल.

मी सगळे रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी वाचायची. मोबाईलवर आले की स्टोअरच्या रॅकमागं उभी राहून वाचायची. कळणारा शब्द एखादा, न कळणारे दहा, आणि त्या दहा शब्दांना इंटरनेटवर शोधलं की प्रत्येकाच्या मागे तीन-तीन आजार उभे. एका दुपारी मी ठरवूनच टाकलं होतं की नानांच्या मेंदूत गाठ आहे आणि रिपोर्टवाल्यांना ती दिसली नाही. रिपोर्ट चांगला आला की लोक पेढे वाटतात. मला उलट वाईट वाटायचं. आजार तर होता. मी त्याला एकेका खोलीत शोधत होते आणि तो कुठल्याच खोलीत सापडत नव्हता.

मध्ये दोन-अडीच महिने बरे जायचे. मी जरा सैल व्हायची. आणि मग पुन्हा फोन. एकदा ते मोटारसायकलवरून गावात निघाले होते आणि वाटेतच गाडी कडेला लावून खाली बसले. गाडी कशी थांबवली, काही आठवत नव्हतं. एका ओळखीच्या माणसानं त्यांना उसाच्या रसवंतीवर नेऊन रस पाजला आणि ते हळूहळू माणसात आले. त्या दिवसापासून मी त्यांची गाडीची किल्ली काढून घेतली आणि आईला सांगितलं की यांना बागेत एकटं सोडायचं नाही. कुणीतरी सोबत पाहिजेच.

नानांना गाडीचं काही वाटलं नाही. एकट्यानं बागेत जायचं बंद झालं, ते मात्र त्यांना लागलं. सकाळी, मजूर यायच्या आधी, बागेत एकट्यानं फिरायचं, वेलीवेलीपाशी थांबायचं, पान उलटून मागची बाजू बघायची, हे त्यांचं सगळ्यात आवडतं काम. आता मागून कामवाल्या बाईचा नवरा चालायचा. नाना थांबले की तो थांबायचा. "माझ्यामागं वासरू सोडलंय पोरीनं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

आता त्यांच्या साखरेबद्दल सांगितलं पाहिजे. नानांना सात वर्षांपासून मधुमेह होता. पण मधुमेह आम्हाला आजार वाटतच नव्हता, आमच्याकडे घरटी एक आहे. तालुक्याच्या गावातले डॉक्टर जुने, ओळखीचे, भला माणूस. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी एकदा आणि जेवल्यावर एकदा रक्त तपासायचं, दोन आकडे घेऊन त्यांच्याकडे जायचं, ते बघून गोळी लिहून देणार. आकडे कायम जास्त. उपाशीपोटी दोनशेच्या वर, जेवल्यावर विचारूच नका. डॉक्टर दर वेळी गोळी वाढवायचे. अर्धीची एक झाली, एकाची दोन, मग तिच्या जोडीला दुसरी, मग आणखी एक जोरदार.

माझी चिडचिड व्हायची. एवढ्या गोळ्या खाऊन साखर उतरत नाही म्हणजे काय. मला वाटायचं, नाना चोरून गोड खात असणार. आईनं तर घरात साखरेचा डबा कुलपात ठेवला होता. गावातून सल्ले येत होतेच. कुणी कारल्याचा रस सांगायचं, कुणी जांभळाच्या बियांची पूड, कुणी मेथ्या भिजवलेलं पाणी. नाना सगळं घ्यायचे. आकडा हलायचा नाही. मी त्यांना घरी तपासायचं यंत्र आणून दिलं, बोटाला टोचून बघायचं. ते कपाटात तसंच राहिलं. "नमुना एकदाच द्यायचा असतो," ते म्हणाले. "रोज रोज टोचून काय बघायचं?"

मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, सुईला घाबरतात.

यंदाच्या उन्हाळ्यात आकडा पुन्हा वर गेला आणि तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांनी भागणार नाही, इन्सुलिन चालू करावं लागेल. नाशिकला एकदा दाखवून घ्या, मग सुरू करू. आईनं इन्सुलिनचं नाव ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला. आमच्या गावात इन्सुलिन म्हणजे शेवटाची सुरुवात अशी एक समजूत आहे. तसं काही नसतं, पुष्कळ माणसं इन्सुलिन घेऊन वर्षानुवर्षं धडधाकट राहतात, हे मी तिला वाचून दाखवलं. ती ऐकत होती, पण तिला पटत नव्हतं.

तर गंगापूर रोडवरच्या एका मधुमेहाच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. बाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आधी रक्त द्यायला लावलं आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला आत घेतलं. मी सवयीनं सगळी फाईल त्यांच्यापुढे उघडली. छातीची पट्टी, मेंदूचा एमआरआय, सगळं. त्यांनी ते बाजूला सरकवलं आणि आजच्या रक्ताचा कागद बराच वेळ बघत राहिल्या. मी खुर्चीत हलत होते. आई माझ्या मांडीवर हात ठेवून दाबत होती, म्हणजे गप बस.

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "तुमचे दोन रिपोर्ट एकमेकांशी बोलतच नाहीयेत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या सकाळची साखर. ती नानांची आली होती दोनशे चाळीसच्या पुढे. दुसरी एक तपासणी असते, तिच्यात मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. रक्तातल्या लाल पेशींना साखर चिकटते, आणि पेशी तेवढ्या काळ जगतात, म्हणून. तालुक्याला ही तपासणी कधी झालीच नव्हती. ती आली होती सातच्या आत, म्हणजे चांगली. इतक्या वर्षांच्या मधुमेहाला तर फारच चांगली.

"रोज सकाळी दोनशे चाळीस असतील, तर सरासरी अशी येणार नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे रोज एवढी साखर नसते. आजच आहे. मग आज असं काय वेगळं झालं? काल रात्री गोळी घेतली होती का?"

"काल?" नाना म्हणाले. "काल कशी घेईन? तपासणीच्या आधी बंद असत्यात ना."

माझं हलणं थांबलं.

"कधीपासून बंद आहेत?"

"आठ-दहा दिवस झाले. दर बारीला तेवढंच ठेवतो."

"कुणी सांगितलं होतं असं करायला?"

"कोणी सांगायचं कशाला?" नानांना प्रश्नच कळला नाही. ते जरा पुढे झुकले आणि डॉक्टरांना नीट समजेल अशा आवाजात बोलायला लागले. नव्या बागायतदाराला सांगतात तसं. "म्याडम, आमचा माल बाहेरच्या देशात जातो. जायच्या आधी द्राक्षाचा नमुना लॅबला जातो. त्यात फवाऱ्याचा अंश सापडला का सगळा माल रिजेक्ट. म्हणून तोडणीच्या आधी आम्ही फवारे बंद ठेवतो. कुठला फवारा किती दिवस आधी बंद, ते ठरलेलं असतं. मंग जो रिपोर्ट येतो तो खरा द्राक्षाचा. रक्ताचं बी तेच नाय का? गोळ्या खाऊन नमुना दिला तर गोळ्यांचा रिपोर्ट येईल. माझा कसा येईल?"

मला वाटलं, आता या बाई हसतील. मी तयारच होते, त्या हसल्या असत्या तर मी भांडले असते. त्या हसल्या नाहीत.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमच्या लॅबमध्ये औषध उरलेलं नको असतं, म्हणून तपासतात. इथं औषध पुरतंय का, ते तपासतात."

नानांनी टोपीची घडी उलगडून पुन्हा घातली.

मग सगळं एकापाठोपाठ एक लागत गेलं. नमुन्याआधी गोळ्या बंद, म्हणून साखर चढलेली. चढलेला आकडा डॉक्टरांपुढे, म्हणून गोळी वाढलेली. तपासणी झाली की नाना इमानेइतबारे ती वाढलेली गोळी सुरू करणार, सकाळी उठल्या उठल्या, आणि काही न खाता बागेत शिरणार. त्या जोरदार गोळीनं साखर खाली, आणखी खाली. घाम, थरथर, माणूस ओळखू न येणं, अंगावर धावून जाणं. मेंदूला साखर कमी पडली की असं होतं. छातीत काही नव्हतं आणि डोक्यातही काही नव्हतं. आईचा गुळाचा चहा आणि रसवंतीवरचा रस, हेच औषध होतं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत साखर जागेवर आलेली असायची, म्हणून कुठल्याच तपासणीत काही सापडलं नाही. आणि ज्याची साखर कायम जास्त लिहिलेली, त्याची कमी झाली असेल असं मनात तरी कुणाच्या येणार.

"झटके कधी यायचे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणाले, "काही ठरलेलं नाही. कधीही."

"कधीही नाय," आई म्हणाली. "रक्त तपासून आले का मागनं यायचे. मला वाटायचं, रक्त काढल्यानं अशक्तपणा येतो. म्हणून मी त्या दिवसांत यांना शिरा करून घालायचे, चोरून. तू ओरडशील म्हणून तुला नाय सांगितलं."

डॉक्टरांनी आईकडे बघून मान हलवली. "शिऱ्यानं वाचवलं असेल एखाद्या वेळी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "एक गोष्ट तुम्हाला स्पष्ट सांगते. या आकड्यावर जर इन्सुलिन सुरू झालं असतं आणि काकांनी ते त्यांच्या पद्धतीनं घेतलं असतं, तर एखाद्या सकाळी ते बागेतून परत आले नसते."

त्यांनी जोरदार गोळी बंद केली, दुसरी अर्ध्यावर आणली. इन्सुलिन नको म्हणाल्या, निदान आत्ता तरी. नियम घालून दिला. तपासणीच्या आदल्या रात्रीपर्यंत सगळ्या गोळ्या नेहमीसारख्या घ्यायच्या. सकाळची गोळी उपाशीपोटीचं रक्त दिल्यावर, नाश्त्याबरोबर. गोळी घेतली की खाणं हे झालंच पाहिजे. खिशात कायम खडीसाखर ठेवायची आणि थरथर वाटली की आधी ती तोंडात टाकायची, मग बाकीचं. आई ऐकत राहिली. जिनं डब्याला कुलूप लावलं होतं तिलाच आता नवऱ्याच्या खिशात साखर भरायची होती. "म्हणजे डब्याची चावी यांच्याकडेच द्यायची का?" तिनं विचारलं. त्या दिवसात पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो.

गाडीत बसल्यावर माझं हसू गेलं. औरंगाबाद नाक्यावर गाड्या अडकल्या होत्या, आणि तिथं अडकल्यावर मला राग आला. भलता राग आला. मी नवऱ्याच्या शिव्या खाऊन रजा काढल्या, साहेबाची बोलणी ऐकली, रात्ररात्र जागले, यांना नळकांड्यात घातलं, पट्ट्यावर पळवलं, आणि हे दर तीन महिन्यांनी स्वतःच्या हातानं गोळ्या बंद करून बसत होते.

"एकदा सांगायचं ना नाना," मी म्हणाले. "एकदा तरी. आपण गोळ्या बंद ठेवतो म्हणून."

"तू विचारलं नाय."

"हे काय विचारायचं असतं? गोळी रोज घ्यायची असते हे शेंबड्या पोराला कळतं."

आई मागून म्हणाली, "जाऊ दे गं."

मी जाऊ दिलं नाही. चांदोरी येईपर्यंत मी बोलत होते. नाना खिडकीतून बाहेरचे ऊस बघत होते. चांदोरीला चहासाठी थांबलो. आई उतरून आत गेली. आम्ही दोघं गाडीपाशी उभे होतो. मी अजून बोलतच होते. तेव्हा ते मध्येच बोलले, माझ्याकडे न बघता.

"नमुन्याचं म्हणलो ते खरंच हाये. मला तसंच वाटायचं," ते म्हणाले. "पण आणखी एक व्हतं मनात. सात वर्षं झाली. म्हटलं, एखाद्या बारीला बिनगोळीचा रिपोर्ट चांगला येईल. आला का म्हणायचं डॉक्टरला, गेली साखर. मंग सुटलो. दर बारीला वाटायचं, या बारीला येईल. तो काय आलाच नाय."

मी त्यांना हट्टी समजत होते, गोड खाणारे समजत होते, सुईला भिणारे समजत होते. हा माणूस दर तीन महिन्यांनी गुपचूप बरा व्हायचा प्रयत्न करत होता आणि दर वेळी नापास होऊन, कुणाला एक अक्षर न सांगता, वाढवून दिलेली गोळी खात होता. मला रडू आलं. चहावाल्यासमोर रडायची लाज वाटली म्हणून मी गाडीचं दार उघडून आत बसले.

पुढचे तीन महिने मी नेहमीसारखीच होते. म्हणजे रोज सकाळी फोन. खाल्लं का, गोळी घेतली का, खिशात साखर आहे का. बोटाला टोचायचं यंत्र मी नवीन पट्ट्या घालून चालू करून दिलं आणि आईला शिकवलं. पहिल्या दिवशी तिनं इतक्या जोरात टोचलं की नाना म्हणाले, त्यापेक्षा तू जाऊन ब्लोअर चालव. साखर एकदाही घसरली नाही, एकदाही चढली नाही. तरी फोन वाजला की मी हातातलं काम टाकून पळायची. अजूनही पळते. सवय एकदा लागली की ती सोडायला गोळी नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी गावी जाऊन राहिले. नाना रात्री जेवून उठले, गोळी हातात घेऊन बराच वेळ बघत बसले, आणि घेतली. सकाळी लॅबची मुलगी स्कूटीवर आली. त्यांनी बाही वर केली आणि ती सुई टोचायच्या आत म्हणाले, "बाई, काल रात्रीपतूर गोळ्या घेतल्यात बरं का मी. सांगून ठेवतो." असं म्हणताना त्यांनी मान खाली घातली होती. ज्याचा माल नापास होणार हे त्याला आधीच माहीत आहे, अशा बागायतदाराचा तो आवाज होता. मुलीला काही कळलं नाही. "घ्यायच्याच असतात आजोबा," ती म्हणाली.

दुपारी रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा आम्ही तिघं ओट्यावर होतो. मी आधी एकटीनं वाचला, मग मोठ्यानं वाचला. उपाशीपोटी एकशे दहाच्या आसपास. नाश्त्यानंतर घेतलेलीही बरोबर. सरासरी बरोबर. मूत्रपिंड, यकृत, सगळं जागच्या जागी. आईनं आकाशाकडे बघून हात जोडले. मी नानांकडे बघितलं.

"यातलं माझं किती," त्यांनी विचारलं, "आन् गोळीचं किती?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. नसलं तर मी शोधते. मी मोबाईल खाली ठेवला.

"ते वेगळं काढता येत नाही, नाना."

"कुठलीच लॅब नाय काढू शकत?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. बागेकडे बघत राहिले.

"म्हणजे मी आजारीच हाये," ते म्हणाले.

सात वर्षांत हा शब्द त्यांनी स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. त्यांनी तो वापरावा म्हणून मी भांडले होते, ओरडले होते, दिवसदिवस अबोला धरला होता. आता तो त्यांच्या तोंडून आला तेव्हा माझ्या मनात आलं, नको, परत घ्या.

"हो नाना," मी म्हणाले.

"शेवटपतूर."

"हो."

मग ते आईला म्हणाले, भाकर वाढ. जेवण केलं, दुपारची गोळी आमच्या देखत घेतली, वर पाणी प्यायले, आणि शर्टाचा खिसा चाचपून बघितला. चपला घातल्या. कामवाल्या बाईचा नवरा सवयीनं उठून त्यांच्या मागं निघाला, तर नाना थांबले आणि वळून माझ्याकडे बघितलं. काही मागितलं नाही, नुसतं बघितलं.

मी त्या माणसाला म्हणाले, "बसा तुम्ही."

नाना बागेत शिरले. पहिल्या ओळीत दिसत होते, दुसऱ्या ओळीत टोपी दिसत होती, मग टोपीही दिसेना. मी ओट्यावर बसून राहिले. उठले नाही.